दुधाचं पथ्य

वर्ष-दीड वर्षाच्या मुलाच्या गालांवर, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणीत लाल, खरखरीत चट्टे उठले, रात्रभर खाजवून त्यांतून पाणी यायला लागलं, की घरात पहिला निर्णय बहुतेक वेळा दुधाचा होतो. आजी म्हणते दूध बाधतंय. शेजारीण भाच्याचा दाखला देते. फोनवर कुणीतरी 'दूध बंद करा, आठवड्यात फरक' असं सांगत असतं. आणि मग लगेच पुढचा प्रश्न येतो. गाईचं बंद केलं, आता द्यायचं कोणतं? बदामाचं, ओट्सचं, सोयाचं, नारळाचं, की शेळीचं? एका पिढीपूर्वी हा प्रश्न कुणाला फारसा पडत नव्हता, कारण ही पाकिटं दुकानात नव्हती. आता ती तालुक्याच्या गावीही घरपोच येतात.

माझं म्हणणं असं की हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. या मुलाच्या इसबाचा दुधाशी खरोखर संबंध आहे का, हा पहिला. असेल तर दूध किती दिवस थांबवायचं आणि परत केव्हा देऊन बघायचं, हा दुसरा. हे दोन ओलांडून थेट तिसऱ्याचं उत्तर शोधणाऱ्या घरांत मुलाचं नुकसान होतं, आणि ते करणारी माणसं त्याच्यावर जीव टाकणारीच असतात. म्हणून या विषयावर स्पष्ट बोलणं मला गरजेचं वाटतं.

इसब हा मुळात त्वचेचा आजार आहे. निरोगी त्वचा आतलं पाणी आत आणि बाहेरचं बाहेर ठेवते. इसब असलेल्या मुलाची त्वचा गिलावा पडलेल्या भिंतीसारखी असते. ओल टिकत नाही आणि बाहेरचे क्षोभक पदार्थ, जंतू आत शिरतात. २००६ साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की त्वचेचा हा अडसर बांधणाऱ्या फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाच्या जनुकात दोष असेल तर इसबाची शक्यता बरीच वाढते. या शोधाने विचाराची दिशाच पालटली. तोवर समजूत अशी होती की पोटात गेलेलं काहीतरी अंगावर उठतं. आता उलटाही रस्ता दिसू लागला. त्वचा आधी फुटते, आणि त्या फटींतून शिरलेल्या अन्नकणांची शरीराला ओळख पटते ती शत्रू म्हणून. म्हणजे अनेक मुलांमध्ये इसब आधी आणि अन्नाची ॲलर्जी नंतर.

या दृष्टीने आपल्याकडच्या बाळाच्या आंघोळीकडे बघायला हवं. डाळीचं पीठ, दुधाची साय, हळद, कुठे मसुराचं पीठ, हे सगळं आपण प्रेमाने बाळाच्या अंगाला चोळतो. धडधाकट त्वचेच्या बाळाला त्याने बहुधा काही होत नाही. पण चिरा पडलेल्या, ओलसर त्वचेवर दुधाची आणि डाळीची प्रथिनं रोज घासणं ही वेगळी गोष्ट आहे. लंडनचे डॉ. गिडियन लॅक यांनी २००३ साली ब्रिटनमधल्या मुलांच्या पाहणीत शेंगदाण्याचं तेल असलेली मलमं आणि पुढे दिसलेली शेंगदाण्याची ॲलर्जी यांचा संबंध मांडला होता. आपल्या साय-बेसनाबद्दल तसा थेट पुरावा मी देत नाही. पण खाण्यातलं दूध बंद करायचं आणि आंघोळीतली साय चालू ठेवायची, हा क्रम मला पूर्ण उलटा वाटतो. बदलायचंच असेल तर आधी उटणं बदला.

आता दुधाचा वाटा किती? तो शून्य आहे असं म्हणणं खोटं ठरेल. १९९८ साली अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये मध्यम ते तीव्र इसबाच्या ६३ मुलांची नीट तपासणी झाली, त्यांतल्या ३७ टक्क्यांना कुठल्या ना कुठल्या अन्नाची ॲलर्जी निघाली. अंडं, दूध, शेंगदाणा, सोया, गहू ही त्यातली नेहमीची नावं. पण ही मोठ्या रुग्णालयात पाठवलेली, जास्त त्रासाची मुलं होती. गल्लीतल्या दवाखान्यात येणारं, गालावर दोन चट्टे असलेलं मूल त्यांत मोडत नाही. सर्वसाधारण मुलांचं चित्र बघायचं तर युरोपातल्या नऊ देशांत जन्मापासून पाठपुरावा केलेल्या मुलांत दोन वर्षांपर्यंत सिद्ध झालेली दुधाची ॲलर्जी अर्ध्या टक्क्याच्या आसपास होती. सिद्ध झालेली म्हणजे डॉक्टरांसमोर दूध पाजून खात्री केलेली.

'सिद्ध' या शब्दावर जोर द्यावा लागतो, कारण रक्ताच्या अहवालाला आपण निकाल समजतो. बेंगळुरू आणि म्हैसूर भागातल्या प्रौढांच्या एका पाहणीचे आकडे २०१६ साली प्रसिद्ध झाले. रक्तात कुठल्या तरी अन्नाविरुद्धची प्रतिपिंडं सापडणारे २६.५ टक्के होते. ते अन्न खाऊन खरोखर त्रास होतो असे, म्हणजे ॲलर्जी असण्याची शक्यता असलेले, १.२ टक्के. ही दरी नीट डोळ्यांसमोर आणा. अहवालात 'पॉझिटिव्ह' आलेल्या बहुसंख्य माणसांना तो पदार्थ खाऊन काहीही होत नाही. इसबाच्या मुलांत तर असे पोकळ 'पॉझिटिव्ह' आणखी जास्त दिसतात. शंभर-दीडशे पदार्थांची यादी देऊन त्यांतले वीस-पंचवीस लाल रंगात छापणारे संच पालकांना विकले जातात. त्यांतले काही आयजीजी नावाची प्रतिपिंडं मोजतात, जी आपण ते अन्न खात आलो आहोत एवढंच सांगतात. असा अहवाल घेऊन दूध, गहू, अंडं, शेंगदाणा, तूर असं सगळं एका दिवसात बंद केलेलं मूल उपाशी राहतं, आणि त्याचं इसब तिथल्या तिथेच असतं.

दुधाचा संशय कधी घ्यावा? दूध किंवा दही पोटात गेल्यावर काही मिनिटांत ते दोन तासांत अंगावर पित्त उठलं, ओठ-डोळे सुजले, उलट्या झाल्या, घरघर लागली, तर संशय भक्कम आहे आणि घरी प्रयोग न करता तडक डॉक्टरांकडे जायला हवं. शौचातून रक्त जाणं, वजन न वाढणं, आणि मलमं, मॉइश्चरायझर नीट वापरूनही हटत नसलेलं तीव्र इसब, याही कारणांनी विचार करावा. दुधाच्या प्रत्येक पेल्यानंतर काहीच होत नाही, पण चट्टे कधी वाढतात कधी कमी होतात, एवढ्यावरून दुधाला दोषी ठरवता येत नाही. इसबाचा स्वभावच कमी-जास्त होण्याचा आहे. थंडीतली कोरडी हवा, घाम, लोकर, साबण, सर्दी-ताप, झोप न होणं, यांतलं काहीही त्याला पुरतं. दूध बंद केल्यावर आठवड्याने चट्टे उतरले, तर ते दुधामुळे की आपोआप, हे परत दूध देऊन बघितल्याशिवाय कळत नाही. आणि परत देऊन बघण्याची पायरीच बहुतेक घरं गाळतात. 'आता बरं आहे ना, मग कशाला छेडायचं?' एवढ्या एका वाक्यावर मुलाचं दूध वर्षानुवर्षं बंद राहतं.

इथे कुणी म्हणेल, काय बिघडलं? दूध नाही प्यायलं तर मूल काही मरत नाही. जगात कितीतरी समाज दूध न पिता वाढले. हा युक्तिवाद मी गंभीरपणे घेतो, कारण तो अर्धा खरा आहे. दुधाशिवाय मूल उत्तम वाढू शकतं, पण दुधातून मिळणारं दुसऱ्या कशातून तरी मिळालं तरच. आणि नुकसान नेमकं इथेच झालेलं आहे.

२००१ साली अमेरिकेतल्या अटलांटाच्या डॉक्टरांनी २२ महिन्यांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. जुनाट इसब आणि दूध सोसत नाही असा घरच्यांचा समज, म्हणून आईचं दूध सुटल्यावर त्याला तांदळाचं 'दूध' दिलं जात होतं, दिवसाला दीड लिटर. पोट भरत होतं. पण शरीराच्या एका किलोमागे त्याला दिवसाला मिळत होतं जेमतेम ०.३ ग्रॅम प्रथिन. मूल सुजून रुग्णालयात आलं. हा क्वाशिओरकर, म्हणजे आपण ज्याला सुजवटी म्हणतो तो आजार. मेळघाटातल्या कुपोषणाच्या बातम्यांशी आपण जे जोडतो, ते एका सुस्थितीतल्या शहरात, आरोग्यदायी समजल्या जाणाऱ्या पेयामुळे घडलं. स्पेनमधली दुसरी नोंद २०१६ सालची. अडीच महिन्यांच्या बाळाला इसब दिसलं म्हणून त्याचं दूध बंद करून बदामाचं पेय आणि बदामाचं पीठ सुरू झालं. अकराव्या महिन्यात ते बाळ मांडीची हाडं मोडलेल्या, किरकिऱ्या, न वाढणाऱ्या अवस्थेत आलं. क जीवनसत्त्वाच्या अभावाने होणारा स्कर्व्ही निघाला. दोन्ही घरांची सुरुवात त्वचेवरच्या चट्ट्यांनी झाली होती, आणि कुणीही निष्काळजी नव्हतं.

दुसरं नुकसान जास्त सूक्ष्म आहे आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. २०१६ सालीच शिकागोच्या बालरुग्णालयातल्या २९८ मुलांची माहिती प्रसिद्ध झाली. इसब अन्नाने वाढतं असं ठरवून ज्यांचं अन्न बंद केलं होतं आणि ज्यांना आधी ते खाल्ल्यावर लगेच कधीच काही झालं नव्हतं, अशा मुलांतल्या १९ टक्क्यांना पुढे त्या अन्नाने तत्काळ प्रतिक्रिया आली. त्यांतल्या काहींची जिवावर बेतण्याइतकी तीव्र होती. रोज पोटात जाणारं दूध शरीराला 'हे आपलंच' असं शिकवत असतं. तो धडा थांबतो, त्वचेतून मात्र दुधाचा अंश शिरतच राहतो, आणि पूर्वी पचणारं दूध मुलाला सोसेनासं होतं. लॅक यांच्याच २०१५ च्या प्रयोगाने हीच गोष्ट शेंगदाण्याबाबत उलट बाजूने दाखवली. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेली ६४० बाळं त्यात होती. चाचणीत ज्यांना शेंगदाण्याची प्रतिक्रिया नव्हती, त्यांतल्या टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्क्यांना पाच वर्षांच्या वयात ॲलर्जी होती, आणि नियमित खाणाऱ्यांपैकी १.९ टक्क्यांना. त्याआधी, २००० साली, अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने जोखमीच्या बाळांना शेंगदाणा तीन वर्षांपर्यंत देऊ नका असा सल्ला दिला होता. तो २००८ मध्ये मागे घेतला गेला. टाळणं म्हणजे सुरक्षित असणं, ही समजूत तज्ज्ञांचीही होती आणि ती चुकली.

आपल्याकडे या समजुतीची मुळं जास्त खोल आहेत. पथ्य पाळणं हे आपल्याला सद्गुणाचं लक्षण वाटतं. औषध बाहेरचं, परकं, 'साइड इफेक्ट'वालं. पथ्य मात्र घरातलं, फुकटचं, निरुपद्रवी. म्हणून डॉक्टरांनी दिलेलं सौम्य स्टेरॉइडचं मलम चार दिवस लावून घाबरून बंद होतं आणि दुधाचं पथ्य दोन वर्षं चालतं. स्टेरॉइडची भीती अगदीच निराधार नाही. औषधाच्या दुकानातून सल्ल्याशिवाय मिळणाऱ्या तीव्र, मिश्र मलमांनी आपल्या देशात फार त्वचा खराब केल्या आहेत. पण वयाला आणि जागेला योग्य असं मलम, सांगितलेले दिवस, सांगितल्या मात्रेत लावणं आणि मॉइश्चरायझर सढळ हाताने वापरणं, हा इसबाचा मुख्य उपचार आहे. सढळ म्हणजे किती? ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेच्या मार्गदर्शनात मुलांसाठी आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम असा आकडा आहे. आपल्याकडे पन्नास ग्रॅमची ट्यूब महिनाभर पुरवतात आणि मग म्हणतात, क्रीमने काही होत नाही, दूधच बंद करून बघू. महागड्या क्रीमची गरज नाही. साधी पेट्रोलियम जेली दिवसातून दोनदा, आंघोळीनंतर तर ओल्या अंगावरच, लावली तरी बराच फरक पडतो.

या सगळ्यात सर्वांत जास्त भरडली जाते ती आई. मूल अंगावर पीत असेल तर तिच्याच ताटातून दूध, दही, ताक, शेंगदाणे, वांगं, आंबट, एकेक करत काढून घेतलं जातं. बाळंतपणानंतर जिला कॅल्शियम आणि प्रथिन सर्वाधिक हवं, तिला भात आणि मेथीची भाजी उरते. 'तू काय खाल्लंस?' हा प्रश्न रोज विचारला जातो, आणि रात्रभर मुलाचे हात धरून बसणारी तीच असते. काही बाळांना आईच्या आहारातल्या दुधाचा त्रास होतो हे खरं आहे, पण ते थोडे अपवाद आहेत आणि त्यांचीही तीच परीक्षा व्हायला हवी. ठरावीक आठवडे बंद, मग परत सुरू. चट्टे आईच्या जिभेमुळे उठले असा दोष तिच्या माथी मारणं थांबलं पाहिजे.

समजा, डॉक्टरांच्या देखरेखीखाली खात्री झाली की दूधच कारण आहे. मग तिसऱ्या प्रश्नाची वेळ येते. आधी जे चालणार नाही ते. म्हशीचं, शेळीचं, मेंढीचं दूध चालत नाही, कारण त्यांतली प्रथिनं गाईच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईचं न सोसणाऱ्या बहुतेक मुलांना तीही सोसत नाहीत. 'देशी गाईचं ए-टू' म्हणून चढ्या भावाने विकलं जाणारं दूधही चालत नाही. त्यात एका प्रथिनाच्या साखळीतला एकच दुवा वेगळा असतो, आणि ॲलर्जी होणारी बाकीची सगळी प्रथिनं जशीच्या तशी असतात. लॅक्टोज काढलेल्या दुधाचाही उपयोग नाही, कारण लॅक्टोज ही साखर आहे आणि ॲलर्जी प्रथिनाची असते. हे तीन गैरसमज घराघरांत आहेत आणि त्यांवर बराच पैसा वाया जातो.

राहिली वनस्पतींची पेयं. गाईच्या १०० मिलिलिटर दुधात सुमारे ३.२ ग्रॅम प्रथिन आणि १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. सोयाच्या पेयात प्रथिन जवळपास तेवढंच, ओट्सच्या पेयात एक ग्रॅमच्या आसपास, बदामाच्या पेयात अर्धा ग्रॅम, तांदळाच्या आणि नारळाच्या पेयात त्याहूनही कमी. तांदळाच्या पेयात आर्सेनिकचाही प्रश्न असल्यामुळे ब्रिटनमध्ये पाच वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये असं सांगतात. घरी दहा बदाम भिजवून वाटून केलेल्या पेल्यात जेमतेम अडीच ग्रॅम प्रथिन आणि तीसेक मिलिग्रॅम कॅल्शियम जातं, आणि गाळलं तर त्यातलंही बरंच फडक्यात राहतं. २०१९ साली अमेरिकेतल्या चार मोठ्या वैद्यकीय आणि आहार संस्थांनी एकत्र येऊन सांगितलं की पाच वर्षांपर्यंत दुधाच्या जागी यांतलं फक्त पोषकद्रव्यं मिसळलेलं, बिनसाखरेचं सोया पेय चालू शकेल. काही मुलांना सोयाही सोसत नाही, म्हणून तेही विचारूनच द्यावं. वर्षाखालच्या बाळाला यांतलं एकही पेय मुख्य आहार म्हणून देऊ नये. त्यांच्यासाठी प्रथिनं तोडून केलेली खास दुधं असतात, ती महाग आहेत, पण तिथे काटकसर करता येत नाही.

मी मात्र पेल्यातल्या पांढऱ्या पेयावर फार वेळ घालवणार नाही. एक ते तीन वर्षांच्या मुलाला दिवसाला ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं असं आपली राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. ते ताटातून कसं येईल हा खरा प्रश्न आहे. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम आहे. पण ते दाण्याच्या सालीजवळ असतं, म्हणून गाळून काढलेल्या सत्वापेक्षा मोड आणून दळलेलं सगळं पीठ बरं. तिळाचं कूट, शेवग्याचा पाला, राजगिरा, चालत असेल तर अंडं आणि काट्यांसकट खाता येणारी बारीक मासळी, घट्ट वरण, त्यावर तेल, या सगळ्यांतून प्रथिन, स्निग्धता आणि कॅल्शियम मिळतं. शाकाहारी घरांनी एका गोष्टीकडे विशेष लक्ष द्यावं. त्यांच्या मुलाला बी-१२ जीवनसत्त्व जवळजवळ फक्त दुधातून मिळतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी आपल्याकडच्या आयांमधली बी-१२ची कमतरता आणि तिचे मुलांवरचे परिणाम वर्षानुवर्षं अभ्यासत आहेत. अशा घरात दूध बंद झालं तर बी-१२चे थेंब सुरू व्हायलाच हवेत.

दूध कायमचं जातं असंही नाही. दुधाची ॲलर्जी असलेली बरीचशी मुलं शाळेत जाण्याच्या वयापर्यंत त्यातून बाहेर पडतात. न्यूयॉर्कच्या २००८ च्या एका अभ्यासात अशा मुलांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जणांना भाजलेल्या केकसारख्या पदार्थांतलं दूध सोसलं, कारण जास्त उष्णतेने प्रथिनाचं रूप बदलतं. म्हणून डॉक्टर दर सहा-बारा महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. ती तारीख चुकवू नये.

शेवटी एक विनंती, आणि ती बालरोगतज्ज्ञांना आणि त्वचारोगतज्ज्ञांना आहे. चिठ्ठीवर 'दूध बंद' एवढेच दोन शब्द लिहू नका. कोणत्या तारखेपर्यंत बंद, त्याच्या जागी काय आणि किती, वजन कधी तपासायचं, आणि दूध परत कुणासमोर द्यायचं, हे चारही त्याच कागदावर मराठीत लिहून द्या. आणि पालकांनो, यांतलं एकही लिहिलेलं नसेल तर ते विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठू नका.